घडीचा देव

निरीक्षकांचा देवावर विश्वास नव्हता आणि थोरल्या बहिणीवर त्याहून नव्हता. पण लेक निघायच्या आठवड्यात त्यांना दोघांचीही गरज पडली, आणि दोघांकडे जायचा रस्ता एकाच जिन्यावरून जात होता.

निरीक्षक वजनमापे खात्यातले. किराणा दुकानातला काटा, पेट्रोल पंपावरचं माप, कापडवाल्याची पट्टी, असल्या गोष्टी तपासून त्यांवर शिक्का मारण्यात त्यांचा जन्म गेला होता. बाजारात लोक त्यांना घाबरत आणि घरात लोक त्यांना कंटाळत. जेवताना पोळी वाकडी लाटली गेली तर ते काही बोलत नसत, नुसते तिच्याकडे बघत. बायको म्हणे की बोललेलं परवडलं.

आता देवाबद्दल. हा देव घडीचा होता. पितळेचा, तळहाताएवढा, तीन पानांचा. बारीक बिजागऱ्यांवर बाजूची दोन पानं मधल्या पानावर मिटायची आणि मग तो विड्यांच्या डबीसारखा शर्टाच्या खिशात बसायचा. सैन्यात जाणाऱ्यांसाठीच असले देव ओतले जात. मधल्या पानावर घोड्यावर बसलेला भालाईत, दोन बाजूंना दोन उभ्या आकृत्या. त्या बायका आहेत की देवदूत, यावर घरात कधीच एकमत झालं नाही. भालाईताला चेहरा नव्हता. आधी होता, पण निजण्यापूर्वी त्याच्या तोंडावरून अंगठा फिरवायची शिपायांची रीत, त्यामुळे दोन पिढ्यांनी तो पुसून टाकला होता. घोड्याचं तोंड मात्र शाबूत होतं, कारण घोड्याकडे कुणी काही मागत नसे.

घराण्यात देव एकच. घरातलं जे कुणी सैन्यात असेल त्याने तो न्यायचा. तो नेणारा माणूस परत येतो, एवढीच त्याची ख्याती होती. कसा परत येतो, याबद्दल ख्याती काही बोलत नसे. आजोबा परत आले ते उरलेलं आयुष्य खिडकीशी बसून काढायला, आणि वडील परत आले ते दार वाजलं की पलंगाखाली शिरायची सवय घेऊन. पण आले. गल्लीतल्या बऱ्याच घरांना तेवढंही म्हणता येत नव्हतं.

निरीक्षक स्वतः सपाट तळव्यांमुळे सैन्यातून वगळले गेले. खात्यात नवे लागले तेव्हा त्यांनी तो देव आईने प्रार्थना करण्यापूर्वी आणि केल्यानंतर असा दोनदा ऑफिसात नेला, अचूक काट्यावर ठेवला, आणि घरी येऊन सगळ्यांसमोर जाहीर केलं की वजनात फरक शून्य. वडील हसले. आई हसली नाही. ताईने तर ही गोष्ट जपून ठेवली, लोक दागिने ठेवतात तशी, आणि प्रसंग पडेल तेव्हा ती काढून घालत असे.

आता निरीक्षकांची एकुलती एक लेक सैन्यात होती आणि शुक्रवारी सुरुंग काढणाऱ्या तुकडीबरोबर सरहद्दीकडे निघणार होती. लढाई संपल्याचं सगळ्यांना कळलं होतं, फक्त सुरुंगांना कळवायचं राहून गेलं होतं. ते शेतात, ओढ्याकाठी, शाळेच्या अंगणात इमानेइतबारे आपापल्या जागी बसून होते. लेक ते एकेक करून शोधणार होती. आणि घडीचा देव होता ताईच्या मुलाकडे, जो सैन्याच्या बँडात ट्रॉम्बोन वाजवत असे. लहानपणापासून जे हातात येईल ते फुंकायच्या नादामुळे घरात त्याचं नाव पिपाणी पडलं होतं, आणि सैन्याने त्याला ते नाव सार्थ करायला पगार दिला होता.

निरीक्षकांनी हिशेब सरळ मांडला. एकीकडे सुरुंग, दुसरीकडे ट्रॉम्बोन. कुणाला देव जास्त लागतो हे शाळकरी पोर सांगेल. अर्थात आपला स्वतःचा या गोष्टीवर काडीचा विश्वास नाही, पण बायकोची समजूत म्हणून, हे त्यांनी स्वतःला जिना चढताना तीनचारदा सांगितलं.

ताईने दार उघडलं, त्यांच्याकडे पाहिलं आणि आत बघून नवऱ्याला सांगितलं की धाकटा आलाय, काहीतरी मागायला आलाय. भावोजींनी कानातलं यंत्र काढून टेबलावर ठेवलं. या घरात बहीणभावांच्या भेटी कशा होतात हे त्यांना ठाऊक होतं.

निरीक्षकांनी आधी हवापाण्याचं विचारलं, मग ताईच्या गुडघ्यांचं. गुडघ्यांनी बराच वेळ घेतला. शेवटी त्यांनी विषय काढला, आणि तोही असा, की आपण निरोप्या आहोत, निरोप दुसऱ्याचा आहे. हिला झोप येत नाही, म्हणाले. आईचं काळीज आहे. तिचं म्हणणं पडलं की पोरीबरोबर देव असावा. मी समजावून पाहिलं, पण बायकांच्या या गोष्टीत आपण किती पडणार?

ताईने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग तिने दागिना काढला. वजनात फरक शून्य आला होता ना, तिने विचारलं. मग शून्याला हात पसरायला इतके जिने कसे चढलास?

निरीक्षकांनी ते गिळलं. गिळायला ते तयारीनेच आले होते. त्यांनी नम्रपणे मुद्दा पुढे केला.

“ताई, तो बँडात आहे. तो ट्रॉम्बोन वाजवतो. त्याला होऊन होऊन काय होणार आहे?”

“आणि बँडात कुणी नेलं त्याला?”

“कुणी म्हणजे? परीक्षा दिली त्याने.”

“सगळी तुकडी पुढे गेली तेव्हा याच्या एकट्याच्या नावापुढे बँड लागला. खिशात कोण होतं तेव्हा? तू होतास?”

निरीक्षक म्हणाले की खिशात कोण होतं याचा आणि फुप्फुसांच्या ताकदीचा काही संबंध नाही. ताई म्हणाली की संबंध नसेल तर तुझ्या लेकीला तरी कशाला हवा? एखाद्या दुकानदाराने आपलाच नियम आपल्याला वाचून दाखवावा तसं निरीक्षकांना झालं. ते म्हणाले की मी हिला तसं सांगतो. ताई म्हणाली, सांग. चहा अर्धा टाकून ते उठले, आणि जिन्याच्या प्रत्येक पायरीवर त्यांना एकेक चोख उत्तर सुचत गेलं.

घरी लेक खोलीभर सामान पसरून बसली होती. बाबांचा चेहरा बघून तिने काय झालं ते विचारलं. त्यांनी सांगितलं. ती म्हणाली की बाबा, कशाला आत्याच्या मागे लागता, मला नाही चालत ते तिथे. निरीक्षकांना यात आपलंच रक्त दिसलं. इतर कुठलाही दिवस असता तर त्यांचा ऊर भरून आला असता. त्या दिवशी ते पोरीवर खेकसले, की विश्वास नसणं ठीक आहे, पण आईच्या मनासाठी माणसाने थोडं वाकावं. लेक म्हणाली, अहो तसं नाही, मी काय सांगते ते—पण तोवर ते बूट काढायला बाहेर गेले होते. स्वयंपाकघरातून बायको नुसती बघत राहिली. आपल्या मनासाठी काय काय चाललंय हे ती बहुधा पहिल्यांदाच ऐकत होती.

दुसऱ्या दिवशी निरीक्षकांनी रजा टाकली आणि थेट छावणी गाठली. ताईला वळसा घालून मुलाकडे जाणं त्यांच्या स्वभावात बसत नव्हतं. पण पंपाच्या मालकाशी बोलण्यापेक्षा सरळ पंपावर जाऊन माप लावावं, हा खात्याचा जुना शिरस्ता होता.

फाटकावरच्या शिपायाने काम काय ते विचारलं. देव न्यायचाय, असं सांगणं त्यांच्या जिवावर आलं. ते म्हणाले की घरगुती वस्तू. शिपाई म्हणाला की घरगुती वस्तू आत न्यायला परवानगी लागते. मला बाहेर आणायचीय, निरीक्षक म्हणाले. मग तर दोन लागतात, शिपाई म्हणाला, आणि त्याने ज्या माणसाकडे पाठवलं तो जेवायला गेला होता. तो जेवून आला तेव्हा त्याने पहिल्या शिपायाकडे पाठवलं. निरीक्षकांनी हे सगळं आपल्या ऑफिसात लोकांच्या बाबतीत असंख्य वेळा पाहिलं होतं. खुर्चीच्या त्या बाजूने ते इतकं वाईट दिसत नसे.

सरतेशेवटी बँडच्या खोलीबाहेरच्या बाकावर त्यांना बसवण्यात आलं. आत तालीम चालली होती. अंत्ययात्रेची धून होती, आणि ती पुन्हा पुन्हा एकाच जागी बिघडत होती. बँडमास्तर काठी आपटून ओरडत होता की मेलेल्याला घाई नसते, तुम्हाला कसली आहे? मग पुन्हा पहिल्यापासून. निरीक्षक त्या बाकावर बसून आपल्या लेकीचा विचार न करायचा प्रयत्न करत होते आणि बँड त्यांना ते करू देत नव्हता.

विश्रांती झाली तसा पिपाणी घाम पुसत बाहेर आला. जाडा, हसतमुख, गाल कायम किंचित फुगलेले. मामाला बघून त्याला खरोखर आनंद झाला, आणि यामुळे निरीक्षकांना आणखीच अवघड झालं. त्यांनी बायकोची झोप, आईचं काळीज वगैरे पुन्हा मांडलं. पिपाणीने अर्ध्यातच मान हलवली.

“घेऊन जा की मामा. त्यात काय विचारायचं?”

निरीक्षक कुलूप फोडायच्या तयारीने आले होते आणि दार नुसतं लोटलेलं निघालं. पिपाणीने आत नेऊन ट्रॉम्बोनची पेटी उघडली. तिच्या एका कोपऱ्यात, वाद्याचं तोंड खडखडू नये म्हणून, एका पायमोज्यात गुंडाळून देव पाचरीसारखा ठोकून बसवला होता. खिशात ठेवला की छाती भरून श्वास घेताना टोचतो, पिपाणी म्हणाला, म्हणून इथे. इथे उपयोगी पडतो. त्याने मोजा काढला, देव शर्टाला पुसला आणि मोकळ्या जागेत तोच मोजा दुमडून बसवून पाहिला. बसला. पिपाणीचा प्रश्न सुटला होता.

“आईला काही बोलणार नाही मी,” तो म्हणाला. मग त्याच्या कपाळाला आठी पडली. “पण मामा, तिला तिथे हे...”

आतून काठी आपटली. पिपाणी धावत गेला. निरीक्षक देव खिशात घालून फाटकाकडे निघाले, आणि मागून ती धून पुन्हा त्याच जागी बिघडली.

पिपाणीने शब्द पाळला, पण त्याच्या पद्धतीने. तो आईला काही बोलला नाही. आईने फोनवर विचारलं की जेवलास का, देव नीट आहे ना, तेव्हा तो गप्प बसला. ताईने आयुष्यात त्याला गप्प बसलेला ऐकला नव्हता. गुरुवारी दुपारी ती निरीक्षकांच्या दारात उभी होती. गुडघे तिने घरी ठेवले असावेत, कारण जिना तिने एका दमात चढला होता.

लेक बाहेरच्या खोलीत बॅग भरत होती, बायको कपड्यांना इस्त्री करत होती. देव टेबलावर उघडा उभा होता. निरीक्षकांनी सकाळपासून त्याच्या बिजागऱ्यांना तेल देणं चालवलं होतं, ज्याची काही गरज नव्हती.

ताई बसली नाही. माझ्या पोराला फसवून देव आणलास, ती म्हणाली. निरीक्षक म्हणाले की मागितला आणि त्याने दिला, यात फसवणूक कुठे आली. तो अंगातला शर्टही देईल, ताई म्हणाली, म्हणून तू उतरवून घेणार का? निरीक्षक म्हणाले की अगं, त्याने तो मोज्यात घालून ठेवला होता, पेटीत, पाचर म्हणून. ताईला हे ठाऊक नव्हतं. तिचा चेहरा क्षणभर पडला, पण ती सावरली. पाचर म्हणून का होईना, होता ना जवळ? उद्या नवा साहेब आला, बँड कमी करा म्हणाला, वाजवणाऱ्यांच्या हातात बंदुका देऊन पुढे धाडलं, तर? असं होत नाही, असं लिहून देतोस?

निरीक्षकांना लिहून देता येईना. त्यांच्या अंगाचा तिळपापड होत होता, आणि वैताग असा की ज्या गोष्टीला अर्थ नाही असं ते जन्मभर म्हणत आले, तिच्याविषयी ताईचं बोलणं त्यांच्यापेक्षा जास्त मुद्देसूद होतं.

“आत्या, बाबा, दोघं माझं जरा ऐकाल?” लेक बॅगेवरून म्हणाली.

“तू मधे पडू नकोस, हे तुझ्यासाठीच चाललंय,” दोघं एकदमच म्हणाले, आणि एकदम म्हटल्याबद्दल दोघांनाही राग आला.

मग निरीक्षकांनी ठेवणीतलं हत्यार काढलं. माझं सोड, म्हणाले. मी कोण मागणारा? हिच्याकडे बघ. आठवडाभर डोळ्याला डोळा नाही हिच्या.

ताई वहिनीकडे वळली आणि तिने सरळ विचारलं की तुला हवाय का ग हा देव?

बायकोने इस्त्री उभी करून ठेवली.

“मी कधी मागितला?” ती म्हणाली. “मला झोप लागते. तुमचा भाऊ उठून येरझारा घालतो, तेव्हाच तेवढी मोडते.”

इस्त्रीची वाफ सुटत होती. निरीक्षकांनी भिंतीकडे पाहिलं, मग आपल्या बोटांकडे, ज्यांना तेल लागलेलं होतं. खोटं माप पकडल्यावर दुकानदार कसे दिसतात हे त्यांना चांगलं माहीत होतं. ते आधी काटा जुना आहे म्हणतात, मग मालक गावाला गेलाय म्हणतात, आणि मग यापुढे सांगण्यासारखं काही उरत नाही.

“मला हवाय,” ते म्हणाले.

ताई आता बसली. तिने पदराने तोंड पुसलं आणि देवाकडे बोट केलं.

“मग माग.”

“मागतोय की.”

“माझ्याकडे नाही. त्याच्याकडे.”

निरीक्षकांनी बायकोकडे पाहिलं. तिने इस्त्री पुन्हा हातात घेतली होती. त्यांनी लेकीकडे पाहिलं, ती डोकं हातात धरून बसली होती. शेवटी ते टेबलासमोर उभे राहिले. भालाईताला तोंड नव्हतं हे एक बरं होतं, नजर चुकवावी लागली नाही. निरीक्षकांनी घसा साफ केला. काय म्हणतात, कसं म्हणतात, आई काय पुटपुटायची, काही केल्या आठवेना. इतक्या वर्षांत त्यांनी कुणाकडे काही मागितलं होतं ते फक्त वरिष्ठांकडे, आणि त्याची एक ठरलेली भाषा होती.

“तरी मुलीला सुखरूप परत पाठवावं,” ते म्हणाले, “ही विनंती.” आणि थांबून, आवाज खाली जात, “शक्य तितक्या लवकर.”

त्यांना वाटलं ताई हसेल. तिच्या जागी ते असते तर हसले असते. ताई हसली नाही. तिने देवाची दोन पानं मिटली, तो दाबून बंद केला आणि भावाच्या तेलकट हातात ठेवला. ती परत आली की दुसऱ्या दिवशी माझ्याकडे, ती म्हणाली. आणि पिपाणीला काही झालं तर मी तुझ्या दारात येऊन बसेन, जन्मभर. निरीक्षक म्हणाले, बस. यापेक्षा बरं ते दोघं एकमेकांशी कित्येक वर्षांत बोलले नव्हते. मग बायकोने चहा टाकला, आणि ताईला आपले गुडघे आठवले.

शुक्रवारी सकाळी लष्करी आगाराच्या मैदानात ट्रक रांगेने उभे होते. पोरंपोरी बॅगा चढवत होती, आईबाप कडेला उभे राहून खाण्यापिण्याच्या सूचना देत होते. बायकोने लेकीला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, आणि आता तुम्ही, असं नवऱ्याला खुणेने सांगून ती बाजूला झाली.

निरीक्षकांनी खिशातून देव काढला. रात्री त्यांनी त्याला मऊ कापडाची पिशवी शिवली होती. टाके सरळ होते.

लेकीने पिशवीकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि मोठा श्वास घेतला.

“बाबा, मी तिथे काय काम करणार आहे?”

“सुरुंग शोधणार आहेस.”

“कशाने?”

“यंत्राने.”

“ते यंत्र कशावर ओरडतं?”

निरीक्षकांनी तोंड उघडलं आणि उघडंच ठेवलं. लेक वाट बघत राहिली. तिचा पट्टा कापडी होता, हे त्यांनी आत्ता पाहिलं. सदऱ्याच्या गुंड्या प्लास्टिकच्या. मनगटावर घड्याळ नव्हतं, कानात काही नव्हतं, आईने वाढदिवसाला दिलेली साखळी गळ्यात नव्हती. आठवडाभर ती त्यांच्यासमोर अशीच वावरत होती.

“धातूवर,” निरीक्षक म्हणाले.

“धातूवर,” ती म्हणाली. “किती वेळा तोंड उघडलं मी. तुम्ही बूट काढायला जाता, आत्या जिना चढून येते. पिपाणीला कळतं, बँडातल्या पिपाणीला, फोन करून म्हणाला मला. आणि तुम्ही यंत्रं तपासता.”

निरीक्षकांना वाटलं आता ओरडावं. कुणावर, ते ठरेना. ताईवर ओरडावं तर ती घरी होती. स्वतःवर ओरडायची त्यांना सवय नव्हती. बाकावर काढलेली दुपार, दोन परवानग्या, बिजागऱ्यांचं तेल, टेबलासमोरची ती विनंती, हे सगळं त्यांच्या डोळ्यांसमोरून गेलं, आणि हातातली पिशवी एकदम फार जड झाली. वजनात मात्र फरक नव्हता.

“मग नेऊ नकोस,” ते म्हणाले. “मी ताईला परत...”

“आणा इकडे,” लेक म्हणाली. “आता मागून आणलाय तर.” तिने पिशवी घेतली आणि पहिल्या ट्रककडे चालू लागली. निरीक्षक मागोमाग. ड्रायव्हर स्टिअरिंगवर पाय टाकून, टोपी तोंडावर ओढून झोपला होता. लेकीने दार उघडून सीटखालून पत्र्याचा बिस्किटांचा डबा ओढला. आत साखळ्या होत्या, अंगठ्या होत्या, घड्याळं होती, आणि देव होते. घडीचे, दोन पानांचे, तीन पानांचे, एक काचेचं झाकण असलेला, एक वाकलेला. सगळे एकमेकांच्या अंगावर पडलेले. त्यांतल्या बऱ्याच जणांना चेहरे नव्हते.

“आत जाताना सगळे इथे टाकतात,” ती म्हणाली. “डबा ड्रायव्हरकडे. ट्रक लांब उभा असतो, जिथे काही होणार नाही तिथे. संध्याकाळी बाहेर आलो की ज्याचं त्याने उचलायचं.”

निरीक्षक डब्यात बघत राहिले. म्हणजे सैन्यभरच्या आयांनी रडून, भांडून, हातापाया पडून धाडलेले देव रोज सकाळी सगळ्यात सुरक्षित जागी नेऊन ठेवले जात होते, आणि पोरं त्यांच्याशिवाय आत जात होती. ताईला हे सांगितलं तर ती काय म्हणेल, याची त्यांना कल्पना करवेना. बहुधा ती काहीतरी मुद्देसूद म्हणेल.

“आणि संध्याकाळी एखादं डब्यात उरलं तर?” त्यांनी विचारलं.

लेकीने पिशवी डब्यात ठेवली. पुन्हा उचलली, देव पिशवीतून बाहेर काढला, मधल्या पानावरून अंगठा एकदा घाईने फिरवला, कुणी बघितलं तर नाही ना असा, आणि मग परत ठेवला.

“मग ड्रायव्हर ते घरी पोचवतो,” ती म्हणाली. “त्याला आवडत नाही ते काम.”

कुणीतरी शिट्टी वाजवली. ती वाकली, बाबांच्या खांद्याला डोकं टेकवल्यासारखं केलं आणि मागच्या ट्रककडे पळाली. फळीवरून तिला वर ओढणारे हात दिसले, मग ती दिसली नाही, सगळ्या टोप्या सारख्याच होत्या.

इंजिनं सुरू होऊ लागली. बायको लांबून हाक मारत होती की अहो, बाजूला व्हा. निरीक्षक बाजूला झाले नाहीत. ते पहिल्या ट्रकला वळसा घालून पलीकडे गेले आणि त्यांनी काचेवर टकटक केलं. ड्रायव्हरने टोपी वर केली, काच खाली केली आणि काय आहे, असं डोळ्यांनीच विचारलं. चांगला पोक्त माणूस होता, दाढी वाढलेली.

“आमचं घर,” निरीक्षक म्हणाले, “फार आडबाजूला आहे. दोन गल्ल्या एकसारख्या आहेत, पाटीवरचा नंबर दिसत नाही. नवख्या माणसाला सापडत नाही.”

ड्रायव्हरने त्यांच्याकडे नीट पाहिलं. एक हात गियरवर ठेवत तो म्हणाला, “मग मी कशाला येऊ तिकडे?”

“तेच सांगायला आलो,” निरीक्षक म्हणाले.